पडवीतली अकरा माणसं

"पालखीच्या क्रमानं बसव," तात्या खोपकर म्हणाले. "म्हणजे कोणाचं कोणाशी वाजायचं नाही."

मी शाळेच्या हॉलमधल्या फळ्यासमोर खडू घेऊन उभी होते. सकाळचे आठ वाजले होते. पाऊस रिपरिपत होता, वारा अजून छत्री उलटी करण्याइतकाही नव्हता. पण वादळ दुपारी किनाऱ्याला लागणार, सगळ्यांनी दहाच्या आत शाळेत जमायचं, असा निरोप तालुक्याहून आला होता आणि माणसं यायला लागली होती. गाठोडी, ट्रंका, स्टोव्ह. एका बाईच्या कडेवर शिलाई मशीनचं डोकं होतं. निरोप सांगून ग्रामसेवक पुढच्या गावाला गेले ते तिकडेच राहिले. मागे कारभार तात्यांकडे. ते गावकमिटीचे अध्यक्ष, सत्तरीला आलेले, आवाज कधीही न चढवणारे. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा तीनच आठवड्यांपूर्वी झाली होती आणि नागवेकरांच्या शर्वरीचं अक्षर चांगलं आहे हे गावाला माहीत होतं.

मी नुसतं लिहिणार नव्हते. पावलांनी हॉल मोजला होता. साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद. यादीत माणसं एकशे बासष्ट. माणशी सव्वानऊ चौरस फूट. पाय आखडून झोपता येईल एवढी जागा. ती कशी वाटायची हा प्रश्न होता, आणि तात्यांनी तो एका वाक्यात सोडवला.

आमच्या गावात शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते. आधी मधलीवाडी, मग वरचीवाडी, मग बंदरवाडी, शेवटी खालची आळी. हा क्रम कोणी ठरवला ते कोणालाच ठाऊक नाही, पण तो बदलावा म्हणून आमच्या आजोबांच्या वेळी दोन वाड्या कोर्टात गेल्या होत्या आणि नऊ वर्षं एकमेकांच्या मयताला जात नव्हत्या. जेवणावळीच्या पंगती त्याच क्रमानं बसतात, नळाला पाणी त्याच क्रमानं सुटतं. मी फळ्यावर हॉलचा आयत काढला, माणसांच्या प्रमाणात त्याचे चार भाग पाडले आणि वरून खाली वाड्यांची नावं लिहिली. माणसं आत येत, फळ्याकडे बघत आणि न बोलता आपापल्या चौकोनात जाऊन बसत. एकानंही हरकत घेतली नाही. गणित इतकं चपखल बसलेलं मी परीक्षेतही पाहिलं नव्हतं.

नऊच्या सुमारास कातकऱ्यांची वाडी आली.

त्यांची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. पालखी पऱ्यापर्यंत जाते आणि तिथूनच फिरते. त्यांचे बाकीचे लोक वीटभट्ट्यांवरून अजून परतले नव्हते, मागे राहिलेली ही अकरा माणसं. पुढे बारकी हिलम होती. ती आमच्या सुपारीच्या बागेत कामाला यायची. माझ्या आईपेक्षा मोठी, पण मी तिला लहानपणापासून एकेरी हाक मारत आले होते आणि ती मला 'बाय' म्हणायची. तिचा नवरा काशा महिन्यापूर्वी झाडावरून पडला होता. त्याच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं आणि दोन पोरगे त्याला खुर्चीसारखं हातांवर उचलून आणत होते. मागे बायका, चार मुलं, एक टोपलीभर भांडी.

ते दारात थांबले. आत यायला कोणी सांगितलं नाही, नको असंही कोणी म्हटलं नाही. मधल्यावाडीच्या चौकोनातून मंदाकाकू तेवढं बोलल्या, की ओल्या गोधड्या आत आल्या तर वासानं पोरं आजारी पडतील. मंदाकाकूंच्या स्वतःच्या पिशवीत सोड्यांचा, सुक्या कोळंबीचा, डबा होता. त्याचा वास मला फळ्यापर्यंत येत होता.

तात्यांनी मला विचारलं, "जागा आहे का गो?"

मी फळ्याकडे पाहिलं. चारही चौकोन भरलेले होते.

"नाही," मी म्हटलं.

"मग पडवीत बसतील. डोंगराकडच्या." तात्यांनी बोट दाखवलं. हॉलच्या दोन्ही लांब बाजूंना पडव्या होत्या, एक समुद्राकडे, एक डोंगराकडे. दोन्हींवर सिमेंटचे पत्रे, पुढे उघड्या. वादळ समुद्रातून येणार म्हणजे वाराही समुद्रावरून येणार, डोंगराकडची बाजू आडोशाची, असा त्यांचा हिशेब होता. गावातल्या कोणीही तोच केला असता.

तो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे ओळखणारी मी एकटी होते. मी पुढे झाले. फळ्याच्या कोपऱ्यात वर्तुळ काढून बाण दाखवले. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळाचं केंद्र आपल्या दक्षिणेला चाळीस किलोमीटरवर लागणार असं बातमीत आहे. म्हणजे आपल्यावर वारा येईल तो जमिनीवरून, डोंगराकडून. समुद्राकडची पडवी कोरडी राहील.

तात्यांनी बाणांवरून बोट फिरवलं. "असं आहे होय," ते म्हणाले आणि भिंतीशी बसलेल्या माझ्या वडिलांकडे वळले. "आप्पा, पोर वाया नाही गेली तुझी."

आप्पा हसले. मी बारकीला आणि तिच्या माणसांना समुद्राकडच्या पडवीत नेऊन बसवलं. काशाच्या प्लास्टरला बांधायला एक प्लास्टिकची पिशवीही दिली. फळ्यावर आयताच्या बाहेर, समुद्राच्या बाजूला, लिहिलं: कातकरी वाडी, ११. मला फार बरं वाटत होतं.

साडेदहाला वारा सुरू झाला आणि तो डोंगराकडून आला. अकरापर्यंत शाळेमागची सागाची झाडं एकाच बाजूला वाकून उभी राहिली होती. मग डोंगराकडच्या पडवीचे पत्रे जायला लागले. आधी एक उचकटला, थोडा वेळ फडफडला आणि गेला. मग त्याच्या शेजारचा. बाराच्या आत त्या पडवीवर नुसते वासे उरले. त्या बाजूच्या दाराला आम्ही आतून बाक लावले होते आणि त्यांना पाठ देऊन सहा गडी बसले होते. मुलं रडत होती. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या देवाची नावं घेत होत्या आणि मध्येच थांबून, नागवेकरांच्या पोरीनं सांगितलं तसंच झालं, असं एकमेकींना सांगत होत्या.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतला वायुभारमापक आणून टेबलावर ठेवला होता. दर पंधरा मिनिटांनी सुई कुठे आहे ते वहीत लिहीत होते. सुई खाली खाली जात होती, आणि मी अपेक्षा केली होती त्यापेक्षा वेगानं. ती तशी का जातेय याचा विचार मी तेव्हाच करायला हवा होता.

दोनदा मी समुद्राकडचं दार किलकिलं करून पडवीत गेले. तिथे खरोखरच कोरडं होतं. मुलं भिंतीला टेकून झोपली होती. काशा बिडी ओढत होता. बारकी म्हणाली, "तुझा वारा शाणा आहे गो बाय. सांगितलंस तसाच वागतोय." आम्ही दोघी हसलो.

बारा चाळीसला वारा थांबला.

कमी झाला नाही, थांबला. आधी आवाज गेला, मग पाऊस गेला, मग हॉलच्या झरोक्यांच्या काचांतून पिवळट उजेड आत आला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी दार सताड उघडलं आणि माणसं अंगणात गेली. कोणी घराकडे बघत होतं, कोणी होड्यांकडे. बंदरवाडीचे दोघं-तिघं किनाऱ्याच्या दिशेनं निघालेसुद्धा. तात्या पायरीवर उभे राहून म्हणाले, देवानं वाचवलं, आता घरी जाऊन नुकसान बघू.

मी टेबलाकडे पळाले. वादळ निघून गेलं असेल तर सुई वर चढायला हवी होती. ती तळाला होती आणि हलत नव्हती.

केंद्र चाळीस किलोमीटरवर नव्हतं. ते आमच्या डोक्यावर होतं.

मी अंगणात जाऊन तात्यांना सांगितलं. ही वादळाची मधली पोकळी, इथे वारा नसतो. अर्ध्या तासात दुसरी बाजू येईल, इतकीच जोराची, आणि ह्या वेळी वारा उलटा, समुद्राकडून. तात्यांनी वाद घातला नाही. सकाळच्या त्या वर्तुळानं माझ्या शब्दाला वजन आलं होतं. त्यांनी किनाऱ्याकडे निघालेल्यांना हाक मारून परत बोलावलं, सगळ्यांना आत घेतलं. माणसं मुकाट्यानं आपापल्या चौकोनात जाऊन बसली.

"आणि ह्यांना आत घेऊ," मी म्हटलं. "ही पडवी आता वाऱ्याच्या तोंडाशी येणार."

तात्यांनी आधी डोंगराच्या बाजूला पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "वारा फिरणार म्हणतेस ना? मग ह्यांनाही फिरव. डोंगराकडच्या पडवीत बसव."

"तिचे पत्रे गेलेत, तात्या."

"पत्रे गेले, भिंत आहे ना? तूच सांगतेस, आडोसा त्या बाजूला. भिजतील थोडे. पावसात भिजायची त्यांना सवय आहे."

हे मी पुष्कळदा आठवलं आहे. ते चिडून बोलले नव्हते. त्यांनी माझं म्हणणं नीट समजून घेतलं होतं, एकही चूक न करता वापरलं होतं आणि उत्तर काढलं होतं. सकाळी मीही तेच केलं होतं. वाऱ्याची दिशा माझी, उत्तर त्यांचं. अकरा माणसं भिंतीच्या कोणत्या बाहेरच्या बाजूला ठेवायची एवढाच आमच्या दोघांचा विषय होता.

मी हॉलमध्ये जाऊन मोठ्यानं विचारलं, थोडं थोडं सरकाल का. मधल्यावाडीतून कोणीतरी म्हणालं, की वरच्यावाडीनं सरकावं, त्यांच्याकडे जास्त जागा आहे. वरचीवाडी म्हणाली, फळ्यावर लिहिलंय तेवढीच आहे. मंदाकाकू म्हणाल्या, "शर्वरी, तूच सकाळी जागा नाही म्हणालीस ना? दुपारी कुठनं आली?"

मी समुद्राकडच्या दारात गेले आणि उंबऱ्यावर बसले.

दार दोन झडपांचं होतं, आत उघडायचं, आणि उंबऱ्यावर कोणी असलं की लागत नव्हतं. मी एका चौकटीला पाठ लावली, दुसरीला पाय. माझ्या डाव्या हाताला हॉल होता, उजव्या हाताला पडवी. बारकी उभी राहून बघत होती. तिला कळलं नव्हतं, की कळून ती गप्प होती, मला सांगता येणार नाही.

"उठ," तात्या म्हणाले.

"ते आत आले की उठते."

"आप्पा," तात्यांनी वळूनही न बघता म्हटलं, "तुझी पोर आहे. उचल तिला."

आप्पा आले. त्यांना पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान होता. गावात त्यांनी कमावलेली सगळ्यांत मोठी गोष्ट ती. त्यांनी वाकून माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "लोक बघतायत. घरी बोलू."

समुद्रावर आवाज सुरू झाला होता. लांबून ट्रक यावा तसा. उजेड गेला. आणि वारा पाऊस घेऊन आला तो थेट माझ्या उजव्या गालावर. केस डोळ्यांत गेले, पडवीतली भांड्यांची टोपली उलटून भांडी खळखळत भिंतीवर आपटली. मुलं किंचाळत बारकीच्या मागे गेली. हॉलमध्ये फळा खिळ्यावरून निसटून खाली आला.

मी आप्पांच्या मागे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"हे दार उघडं राहिलं तर वारा आत भरेल. बाहेर जायला त्याला वाट नाही, मागचं दार आपणच बंद केलंय. आतून दाब आणि वरून ओढ, दोन्ही एकदम. छप्पर जाईल. पडवीचं नाही, हॉलचं."

मग बंदरवाडीच्या चौकोनातून होड्या हाकणारा एक म्हातारा तांडेल म्हणाला, "खरं सांगते ती. शिडात वारा भरतो तसं होईल. डोलकाठी मोडते, इथे तर पत्रे आहेत."

वर एक पत्रा करकरला. एकशे बासष्ट माणसांनी एकाच वेळी वर बघितलं.

मी उठले असते का? उठले नसते तर छप्पर खरोखर गेलं असतं आणि त्याखाली माझी आई होती, दुधावरची तीन पोरं होती. मी खोटी भीती घालत नव्हते. वायूचा दाब हा विषय माझा पक्का होता. ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. वेळ आली नाही. आप्पांचा हात माझ्या दंडावरून सुटला, आणि आतून, एकाच वेळी चारही वाड्यांतून आवाज आले: घ्या त्यांना आत, दार लावा, लवकर घ्या, दार लावा.

दया कोणालाच आली नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे महिन्याभरानं तालुक्यात आमच्या गावाचा सत्कार झाला, एकही माणूस दगावला नाही म्हणून, आणि तात्यांनी भाषणात सांगितलं की आमच्या गावानं त्या दिवशी कातकरी बांधवांना मनाची दारं उघडून आत घेतलं. मी समोर बसले होते. दार माझ्या पायांनी उघडं राहिलं होतं आणि गावाला ते बंद करायचं होतं. मला दिलेली शाल मी खुर्चीवर ठेवून आले. आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आधी मुलं आत आली, मग बायका. दोन पोरग्यांनी काशाला उचललं. पायाची पिशवी वाऱ्यानं फाडून नेली होती, प्लास्टर भिजून वरून पिठासारखं झालं होतं आणि त्याचा पांढरा ओघळ उंबऱ्यावरून आतपर्यंत पडत गेला. सगळ्यांत शेवटी बारकी. मग मी उठले. आठ जणांनी मिळून दार लावलं आणि बाक ओढले. पाच मिनिटंही झाली नसतील, बाहेर मोठा धडाका झाला. पडवीचा एकही पत्रा, एकही वासा उरला नाही, हे आम्हाला संध्याकाळी दिसलं. जिथे मुलं भिंतीला टेकून झोपली होती तिथे किनाऱ्यावरच्या सुरूचा एक अख्खा फाटा आडवा पडला होता.

पण ते संध्याकाळी. तेव्हा आत दाराशी गर्दी झाली होती आणि ती हळूहळू पांगत होती. ह्याला जरा सरकावं लागलं, त्यानं ट्रंक मांडीवर घेतली, मंदाकाकूंनी पिशवी उशाशी ओढली. आई उठून उभी राहिली आणि काशाला पाय पसरायला आपली सतरंजी दिली. कोणी कोणाला सांगितल्याशिवाय अकरा माणसं हॉलभर मावून गेली. दोन मिनिटं लागली असतील.

मी भिंतीला टेकून बसले. वही काढली आणि भागाकार केला. पंधराशे भागिले एकशे त्र्याहत्तर. सकाळच्या उत्तरातून तो वजा केला. म्हणजे प्रत्येकानं सोडायचं ते अर्ध्या चौरस फुटाहून जरा जास्त. माझ्यासमोर उघड्या असलेल्या मोठ्या वहीचं एक पान, जवळजवळ तेवढं. सकाळी हा भागाकार करायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तात्यांनी विचारलं तेव्हा मी तो केलाच नव्हता. मी फळा वाचून दाखवला होता.

बारकी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचे केस गळत होते. पदर पिळून तिनं नातवाचं डोकं पुसलं, त्याला मांडीवर घेतलं. मग हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. आपली माणसं कुठे कुठे बसलीत ते ती बघत होती. सगळी दिसल्यावर ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"बाय, एवढी जागा सकाळपासून होती?"

बाहेर वारा इतका होता की मला तोंड तिच्या कानाशी न्यावं लागलं.

"होती," मी म्हटलं.